कौल झाला तरी खुर्ची सोडू नका: मागे पडलेल्या उमेदवाराच्या कार्यकर्त्यांसाठी तयारीची यादी

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत आपला माणूस मागे पडणार हे दिसत असेल, तर आधी त्या राज्यातल्या पक्षाची नियमावली मिळवा आणि एकच गोष्ट शोधा: कॉकसचा (पक्षाच्या स्थानिक सभांत होणाऱ्या मतदानाचा) कौल राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवर बंधनकारक आहे का? रिपब्लिकन पक्षाने 2016 पासून असे राज्यव्यापी कौल बंधनकारक केले; त्याआधी, 2012 मध्ये, नेवाडातला कौल बंधनकारक होता, आयोवातला नव्हता. आयोवाच्या कौलात उमेदवार रॉन पॉल तिसरे आले, तरी फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात भरलेल्या राष्ट्रीय अधिवेशनात तिथल्या 28 पैकी 22 मते त्यांनाच पडली.

त्याची पायाभरणी 3 जानेवारीच्या रात्रीच झाली होती. कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून झाले की बरेच लोक कोट चढवून घरची वाट धरतात. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडले जातात ते त्यानंतर, मागे उरलेल्या मोजक्या माणसांतून. म्हणून त्या रात्री मुलांना कोण सांभाळणार ते आधी ठरवा, खाणे-पाणी बरोबर घ्या, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा खिशात ठेवा. पक्षात नाव नोंदवायचे राहिले असेल तर आयोवात ते त्याच ठिकाणी होते. तुमचे नाव कोण सुचवणार, अनुमोदन कोण देणार, हेही घरूनच ठरवून निघा.

पुढे काउंटी, संसदीय मतदारसंघ, राज्य अशी अधिवेशनांची चढण असते; 2012 मध्ये ती जूनपर्यंत चालली. सगळ्या तारखा आजच राखून ठेवा. मधल्या एका अधिवेशनाला दांडी मारली की सारी मेहनत पाण्यात. राज्य अधिवेशनात आपल्या पॅनलची छापील यादी प्रत्येकाच्या हातात हवी, नाहीतर मते आपल्याच माणसांत फुटतात. हरकतीचा मुद्दा कधी उठवायचा, हे निदान दोघांना तोंडपाठ असावे.

सभागृहात बहुमत मिळाले की कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. त्याच वर्षी मेन राज्यात पॉल यांच्या लोकांनी राज्य अधिवेशन जिंकले, पण ते रीतसर झाले नाही असा आक्षेप आला आणि त्यांच्या दहा प्रतिनिधींना टॅम्पात जागा गमवावी लागली. माणसे घरून, कामावरून रजा काढून आली होती. तेव्हा हजेरीपट, ओळखपत्रांची तपासणी, मतमोजणीचे आकडे, सगळ्याच्या प्रती त्याच दिवशी काढून घ्या.

राष्ट्रीय अधिवेशनाचा प्रवास आणि हॉटेल बहुधा स्वखर्चाने असते. त्यासाठी जानेवारीपासूनच दरमहा थोडे बाजूला काढा.