अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद आणि दुसरे नागरिकत्व: पात्रता कशी तपासावी

न्यू जर्सीतील मराठी घरात मूल जन्मले की बारशालाच कुणीतरी त्याला भावी राष्ट्राध्यक्ष ठरवून मोकळे होते, आणि लगेच दुसरे कुणी शंका काढते की उद्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) कार्ड काढले तर ते दुहेरी नागरिकत्व आड येणार नाही का. अशा शंकेचा निकाल लावायचा असेल तर सुरुवात पासपोर्टांपासून न करता अमेरिकेच्या राज्यघटनेपासून करावी. दुसऱ्या अनुच्छेदाच्या पहिल्या कलमात अटी तीनच आहेत: उमेदवार जन्मतः नागरिक असावा, त्याचे वय किमान 35 वर्षे असावे आणि त्याचे 14 वर्षे अमेरिकेत वास्तव्य झालेले असावे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व नसावे, अशी अट तेथे कोठेही नाही. बाराव्या घटनादुरुस्तीमुळे उपराष्ट्राध्यक्षालाही हीच पात्रता लागते.

त्यामुळे पहिला आणि खरा प्रश्न हा की, नागरिकत्व कोणत्या क्षणी मिळाले. जन्म अमेरिकेत झाला असेल तर जन्माचा दाखला पाहावा. आईवडील परदेशी असले तरी चौदाव्या घटनादुरुस्तीचा जो अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये वाँग किम आर्क खटल्यात लावला, त्यानुसार ते मूल जन्मतः नागरिक ठरते. मात्र तात्पुरत्या व्हिसावरील आईवडिलांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघाला आणि तो न्यायालयांत अडकला. म्हणून फेब्रुवारी 2025 नंतरच्या जन्माबाबत न्यायालयांची ताजी भूमिका पाहिल्याशिवाय मत देऊ नये.

जन्म अमेरिकेबाहेरचा असेल तर काम किचकट होते, आणि बहुतेकांची गफलतही येथेच होते. समजा, मूल पुण्यात जन्मले, आई अमेरिकन नागरिक आहे, वडील भारतीय आहेत आणि दोघांचा विवाह झालेला आहे. अशा वेळी आईने मुलाच्या जन्मापूर्वी एकूण 5 वर्षे, आणि त्यांपैकी 2 वर्षे वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेली असणे आजच्या कायद्याने आवश्यक आहे. तिच्या शाळा-कॉलेजची कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. ती अट पूर्ण होत असेल तर मूल जन्मापासूनच नागरिक असते आणि वाणिज्य दूतावास त्याच्या जन्माचा तसा अहवाल देतो. याउलट, भारतीय आईवडिलांचे पुण्यात जन्मलेले मूल लहानपणी अमेरिकेत गेले आणि पालकांना नागरिकत्व मिळताच तेही आपोआप नागरिक झाले, तर हे नागरिकत्व जन्मानंतरचे ठरते आणि सर्वोच्च पदाची वाट बंद होते. दोन्ही मुलांच्या अमेरिकन पासपोर्टवर जन्मस्थानापुढे भारतच छापलेला असतो, त्यामुळे पासपोर्ट पाहून हा भेद कळत नाही.

2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले सिनेटर टेड क्रूझ यांचे उदाहरण येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ते 1970 मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे अमेरिकन आईच्या पोटी जन्मले आणि जन्मामुळे दोन्ही देशांचे नागरिक झाले. कॅनडाचे नागरिकत्व त्यांनी 2014 मध्ये सोडले, पण ही राजकीय खबरदारी होती. घटनेने ते मागितलेले नव्हते. 2016 मध्ये वाद झाला तो त्यांच्या जन्मस्थळावरून, आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांनी त्यांना पात्र ठरवले. परदेशात जन्मलेल्या जन्मतः नागरिकाविषयी सर्वोच्च न्यायालयाने थेट निकाल कधीच दिलेला नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

आता दुसऱ्या देशाची बाजू. ओसीआय कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ असले तरी ते भारतीय नागरिकत्व नव्हे. शिवाय 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात भारतीय दूतावासात केल्याशिवाय, किंवा पुढे केंद्र सरकारच्या परवानगीने करून घेतल्याशिवाय, त्याला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळत नाही, आणि त्या नोंदीसाठी मुलाकडे दुसरा पासपोर्ट नसल्याचे पालकांनी लिहून द्यावे लागते. म्हणजे बारशातील ती शंका बहुधा मुळातच निराधार असते.

राष्ट्रपतिपदाबाबत भारताचा नियम अमेरिकेच्या उलट आहे, म्हणून एकाचा तर्क दुसऱ्याला लावू नये. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 58 ला राष्ट्रपती भारताचा नागरिक असणे पुरते, मग ते नागरिकत्व स्वीकृत, म्हणजे जन्मानंतर अर्ज करून मिळवलेले, असले तरी चालते. परंतु स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्वच संपते, आणि ओसीआयधारकाला हे पद कायद्याने वर्ज्य आहे.

शेवटी, आक्षेप कोठे नोंदवायचा हेही माहीत असावे. उमेदवारी अर्जांची आपल्यासारखी केंद्रीय छाननी अमेरिकेत नसते, आणि संघीय निवडणूक आयोगाकडील नोंदणी ही प्रामुख्याने निवडणूक निधीच्या हिशेबासाठी असते. मतपत्रिकेवर नाव घ्यायचे की नाही, हे राज्याचे अधिकारी आणि न्यायालये पाहतात. कोलोरॅडोने एका स्वीकृत नागरिकाचे नाव घेण्यास नकार दिला होता. 2012 मध्ये दहाव्या सर्किटच्या (न्यायिक विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने तो नकार कायम केला; तो निकाल लिहिणारे न्यायाधीश नील गोर्सच (Gorsuch) हे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.