क्लीनर साइडला घुसू नका! दुचाकीवाल्यांनो, या चुका टाळा

चाकणच्या तळेगाव चौकात मी रोज तेच बघतो. डावीकडे वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या कडेला, म्हणजे क्लीनर साइडला, तीन-चार फुटांची फट दिसली की कोणीतरी बाइक आत घालतोच. माझी त्याला कळकळीची विनंती आहे, घालू नकोस बाबा.

माझे मामा ट्रेलर चालवतात. एकदा गाडी यार्डात उभी असताना त्यांनी मला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि माझी बाइक घेऊन स्वतः क्लीनरच्या दाराशी उभे राहिले. डाव्या आरशात बघितलं, मामा नाहीत. खिडकीतून बघितलं, तरी नाहीत. त्यांनी दारावर थाप मारली तेव्हा कळलं. मग बाइक ढकलत ते बंपरसमोर आले, तर काचेच्या खालच्या कडेला नुसता हेल्मेटचा माथा दिसला. त्या दिवसापासून मी ट्रकच्या डावीकडून जाणं सोडलं.

वळताना तर आणखी धोका. ट्रेलर डावीकडे वळण्याआधी केबिन उजवीकडे काढतो. फट रुंदावते आणि आपल्याला वाटतं, जागा दिली. पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, कोपरा कापत आतून येतात. तेव्हा फट मिटते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. हॉर्नवर भरवसा ठेवू नका, बंद केबिनमध्ये इंजिनच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही.

मी मागेच थांबतो, तेही इतक्या अंतरावर की आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला पाहिजे. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही. ओव्हरटेक उजवीकडून, रस्ता मोकळा असेल तेव्हा, एका दमात. शेजारी रेंगाळायचं नाही. सिग्नलला वाचलेली दोन मिनिटं कोणाच्या कामाला आली, मला अजून कळलेलं नाही.

नवी गाडी आली की आरसे काढणारी पोरं बघितली की जीव कळवळतो. ते आजच बसवून घ्या.

एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो. तो बंद करायला वेगळं बटण बसवू नका. दिवसाही समोरच्याला तुम्ही दिसावं म्हणूनच तो आहे.

पावसाळ्यात काळा रेनकोट नको, पिवळा किंवा केशरी घ्या. आणि रेडियमची पट्टी हेल्मेटच्या मागे लावा. मडगार्डवरची पहिल्याच पावसात चिखलाने झाकून जाते.