बायकांच्या संगीत महोत्सवाला स्पॉन्सर कसे मिळवायचे (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांसाठी)

आपल्या भागात गाणाऱ्या बायकांना तोटा नाही. गल्लोगल्ली भजनी मंडळं आहेत, कुमार गंधर्व १९२४ मध्ये जन्मले ते सुळेभावी गाव आपल्याच जिल्ह्यातलं. पण फक्त बायकांचा दोन दिवसांचा महोत्सव करूया म्हटलं की पैशाचा प्रश्न येतो आणि सगळ्याजणी पावती बुक घेऊन वर्गणीला निघतात. माझं स्पष्ट मत आहे, वर्गणी मागू नका. वर्गणी म्हटलं की दुकानदार ५०१ रुपये काढून देतो आणि विषय संपवतो. स्पॉन्सरशिप हा व्यवहार आहे, त्यात त्यालाही काहीतरी मिळतं, आणि आपल्याकडं द्यायला भरपूर आहे. हॉलमध्ये ५०० बायका बसल्या म्हणजे साडी कुठली, सोनं कुणाकडचं, मिक्सर कुठल्या कंपनीचा, पोरांना क्लास कुठला हे ठरवणाऱ्या ५०० जणी एका जागी बसल्या.

आधी खर्च कागदावर मांडा. हॉल, साउंड, लाईट, साथीदार, जेवणखाण, बाहेरगावच्या गायिकांचा प्रवास आणि मुक्काम, छपाई, सगळं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, गाणाऱ्या बाईचं मानधन शून्य धरू नका. तबलेवाल्याला पाकीट, साउंडवाल्याला ॲडव्हान्स आणि गाणारीला शाल-नारळ, हे आता बंद झालं पाहिजे. बजेटात मानधनाची ओळ ठसठशीत लिहिलेली असली की स्पॉन्सरलाही कळतं की हे काम मनापासून चाललंय.

दुसरं काम म्हणजे आपला प्रेक्षक कोण ते गोळा करणं, इथं बहुतेकजणी घाई करतात. मोघम "खूप बायका येतात" म्हणून कुणी पैसे देत नाही. भजनी मंडळं, बचत गट, स्त्री शक्ती संघ यांच्या ग्रुपवर साधा फॉर्म फिरवा, गाव कुठलं, वय साधारण किती, किती जणी येणार, एवढंच. चंदगड, गडहिंग्लजकडच्या बायकाही विचारात घ्या, कारण लग्नाच्या खरेदीला त्या बेळगावलाच येतात आणि बाजारातल्या व्यापाऱ्याला ते चांगलं ठाऊक आहे. ही यादी हातात असली की बोलताना जोर येतो.

आता कुणाकडं जायचं. शहापूर, वडगाव, खासबागचे साडीवाले, सराफ, कुंद्याची दुकानं, गोकाकचे करदंटवाले, भांडी आणि घरगुती सामानाची शोरूम, लेडीज हॉस्पिटल, पतसंस्था, यांना बायका गिऱ्हाईक म्हणून हव्याच असतात. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीनशॉपवाल्यांचा माल आपल्याला विकायचा नसतो, तिथं वेगळं बोलायचं, तुमच्या कामगारांच्या घरच्यांसाठी पुढच्या रांगेतल्या १०० जागा राखून ठेवतो, त्यांना आणायला बस तुम्ही द्या. सगळेच रोख देतील असं नाही. कुणी फ्लेक्स छापून देतो, कुणी मंडप, कुणी गायिकांना लॉजच्या खोल्या. त्याचीही किंमत लिहून ठेवा, तो स्पॉन्सरच आहे आणि त्याचं नाव तेवढ्याच मानानं घ्यायचं.

निपाणी भागातल्या मंडळांनी एक लक्षात ठेवा. तिकडं तंबाखू आणि विडीचा व्यवसाय मोठा, पैसे पटकन मिळतील असं वाटतं, पण २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ५ नुसार स्पॉन्सरशिपच्या बदल्यात तंबाखूच्या ब्रँडचा प्रचार करता येत नाही. म्हणजे तसलं नाव बॅनरवर नकोच.

वेळ बघून जा. गणपतीच्या आधी जाऊ नका, सगळ्यांचा हात तेव्हा आखडलेला असतो. महोत्सव संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान धरलात तर हळदीकुंकवाचा मोसम असतो, बायका घराबाहेर पडतात, लग्नसराईची खरेदी चालू असते, साखर कारखान्यांचा गाळप हंगामही चालू असतो. त्यासाठी दिवाळी झाल्या झाल्या भेटी सुरू करायच्या.

पॅकेज तीन-चारच ठेवा, जास्त केलीत तर गोंधळ होतो. समजा खर्च ३ लाख आहे, तर मुख्य स्पॉन्सर १ लाखाचा, मग २५ हजारांचे काही, ५ हजारांचे छोटे, बाकी वस्तुरूपात. एकाकडूनच सगळं घेऊ नका, तो शेवटच्या आठवड्यात मागं फिरला तर काय करणार? प्रत्येक रकमेपुढं काय मिळणार ते लिहा, स्टेजमागं नाव, प्रवेशद्वाराशी स्टॉल, निवेदनात उल्लेख. गाणं चालू असताना मधेच जाहिरात मात्र कुणालाही विकू नका, कितीही पैसे देऊ देत.

भेटीला दोघीच जा, त्यातली एक तरी कन्नड चांगलं बोलणारी पाहिजे. पत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत, पोस्टरही दोन्हीत. आपल्याकडं व्यापाऱ्याच्या मनात भाषेच्या वादाची भीती असते, तोंडानं बोलत नाही पण असते, म्हणून आपणच सांगायचं की स्टेजवर राजकीय भाषण होणार नाही, जनाबाईचे अभंग आणि अक्कमहादेवीची वचनं एकाच स्टेजवर होतील. फोनवर एवढंच बोला, "काका नमस्कार, आम्ही भजनी मंडळाच्या बायका महोत्सव करतोय, दहा मिनिटं भेटायचं होतं, दुपारी गिऱ्हाईक कमी असतंय तेव्हा येऊ काय?" भेटीत आधी यादी दाखवा, एखाद्या गायिकेचा मोबाईलवरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ ऐकवा, मग रक्कम. "विचार करून सांगतो" म्हणाले तर पुढचा वार तिथंच ठरवून घ्या आणि त्या वारी फोन कराच.

कागदपत्रांत कंटाळा करू नका. पैसे मंडळाच्या बँक खात्यातच घ्या, कुणा एकीच्या गुगल पेवर नको. देणगी वेगळी आणि स्पॉन्सरशिप वेगळी, बॅनरवर जाहिरात घेऊन वर ८०जीची (देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी) पावती कुणी मागितली तर देऊ नका, त्यांना तो खर्च जाहिरातीत दाखवता येतो. स्पॉन्सरशिपवर १८ टक्के जीएसटी असतो, तो तुम्ही भरायचा की रिव्हर्स चार्जनं, म्हणजे पैसे देणाऱ्यानंच थेट सरकारकडं, त्यांनी, हे दोघांच्या सीएकडून आधीच विचारून घ्या. वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना सीएसआर (नफ्यातला ठराविक भाग समाजकार्यावर खर्च करायचा नियम) लागू होतो आणि त्यात कला-संस्कृती बसते, पण स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत, शिवाय सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेची सीएसआर-१ नावाची सरकारी नोंदणी लागते. म्हणून कारखान्याकडं जाताना सीएसआरमधून मागताय की जाहिरातीच्या खर्चातून ते ठरवूनच जा. उघड्या मैदानात कार्यक्रम असेल तर पोलीस परवानगी आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हेही स्पॉन्सर विचारतो, कागद जवळ ठेवा.

कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत प्रत्येक स्पॉन्सरकडं परत जायचं, व्हॉट्सॲपवर थँक्यू टाकून भागत नाही. किती जणी आल्या, कुठल्या गावच्या, त्यांच्या स्टॉलचे आणि बॅनरचे फोटो, आणि पैसे कुठं खर्च झाले त्याचा एका पानाचा हिशोब, मानधनाच्या आकड्यासकट. पुढच्या वर्षीची तारीख ठरली असेल तर तीही त्याच वेळी त्यांच्या डायरीत लिहायला सांगा.