एमआय-२४ चं मॉडेल मांडायचंय? आधी साल ठरवा

एमआय-२४ या सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टरच्या कुठल्याही बऱ्या किटचा डबा उघडला की तुकड्यांचे दोन-दोन पर्याय हातात येतात. इंजिनाच्या तोंडावर गोल फुगीर गाळण्या लावायच्या की नाही? धुराड्यांवर पेट्या बसवायच्या की पाइप उघडे ठेवायचे? पंखाखाली बारीक रॉकेटांचे नळकांडे की जाड रॉकेटांचे? सूचनापत्रक ‘हे किंवा ते’ एवढं सांगून मोकळं होतं. बहुतेक जण मग जे दिसायला भारदस्त ते सगळं लावून टाकतात आणि खाली पाटी लावतात: ‘अफगाणिस्तान, १९७९–१९८९’. असं हेलिकॉप्टर त्या दहा वर्षांतल्या कुठल्याच दिवशी उडालेलं नसतं.

मी नाशिकला शाळेत इतिहास शिकवते. इथे आर्मी एव्हिएशनच्या प्रशिक्षण शाळेमुळे चीता आणि चेतक डोक्यावरून जातच असतात, त्यामुळे मुलांना हेलिकॉप्टरचं आकर्षण आयतंच आहे. त्या आकर्षणाला युद्धाचा इतिहास जोडायचा तर मॉडेलइतकं चांगलं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. अट एकच: मॉडेलवरचा प्रत्येक उंचवटा का आहे, ते मांडणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. आपण दिवाळीत किल्ला करतो तेव्हा आधी ठरवतो, राजगड की सिंधुदुर्ग. त्याशिवाय पहिली वीटसुद्धा ठेवत नाही. इथेही तसंच, फक्त इथे जागेच्या आधी साल ठरवायचं.

दोन टोकं: १९८० चा वसंत आणि १९८६ चा शरद

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. एमआय-२४ मात्र त्याआधीच तिथे पोचलं होतं. एप्रिल १९७९ पासून ते काबूलच्या सरकारला मिळत होतं. हे यंत्र युरोपच्या सपाट मैदानावर रणगाड्यांच्या बरोबरीने लढायला बनवलेलं. पोटात आठ सैनिक बसतील एवढी जागा, नाकाखाली चार नळ्यांची १२.७ मिमीची फिरती मशीनगन, वैमानिक आणि नेमबाज एकामागे एक, दोन वेगळ्या काचेच्या घुमटांखाली.

अफगाणिस्तानात मैदानाऐवजी डोंगर मिळाले. काबूलचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर. विरळ, तापलेल्या हवेत रोटरला, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांना, धरायला हवाच कमी. म्हणून वैमानिक जागेवरून सरळ वर उचलण्याऐवजी विमानासारखं धावपट्टीवर पळवत, शेपूट वर, पुढच्या चाकावर भार देऊन, मग उचलत. आठ सैनिक बहुधा न्यायचेच नाहीत. मॉडेलमध्ये मागचं दार उघडं ठेवून आत आठ बाहुल्या बसवायचा मोह होतो, तो आवरा. आत रिकामी बाकं आणि फार तर एक तंत्रज्ञ दाखवा.

१९८० चं मॉडेल करायचं तर ‘डी’ प्रकार घ्या आणि ते उघडंबोडकं ठेवा. इंजिनाच्या तोंडावर गाळण्या नाहीत, धुराड्यांचे पाइप उघडे, शेपटीखाली काही नाही. पंखाखाली चार यूबी-३२ नळकांडी, प्रत्येकात ५७ मिमीची ३२ रॉकेटं. पंखाच्या टोकाला ‘डी’वर रुळासारख्या पट्टीवर बसवलेलं, पंख दिसणारं क्षेपणास्त्र असतं, ‘व्ही’वर त्याच जागी बंद नळ्या असतात. लांबून दोन प्रकार ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. मुलांना ती एकदा दाखवली की ती विसरत नाहीत.

१९८६ च्या शरदातलं करायचं तर ‘व्ही’ घ्या आणि मग एकेक तुकडा कारणासह लावत जा.

पहिला तुकडा गाळणी. अफगाणिस्तानची धूळ पिठासारखी बारीक, ती इंजिनात जाऊन कॉम्प्रेसरची पाती झिजवायची. म्हणून तोंडावर फुगीर टोपणं आली. हवा वळवून त्यातली धूळ बाहेर फेकणारी. त्यात इंजिनाची थोडी ताकद जाते. आधीच विरळ हवा, त्यात हा तोटा, तरी लावली, कारण त्याशिवाय इंजिन टिकतच नव्हतं.

दुसरा तुकडा धुराड्यावरच्या पेट्या. सोव्हिएत सैन्याविरुद्ध लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांच्या हातात खांद्यावरून डागायची स्ट्रेला क्षेपणास्त्रं आली, ती इंजिनाच्या उष्णतेमागे धावायची. पेटीत गरम धूर बाहेरच्या गार हवेत मिसळतो आणि वरच्या दिशेने, रोटरच्या वाऱ्यात सुटतो. रंगवताना हे लक्षात ठेवा. उघड्या पाइपांच्या हेलिकॉप्टरच्या बाजूंवर काजळीचा मोठा काळा पट्टा हवा, पेट्यांच्या हेलिकॉप्टरवर तो फार कमी. गुळगुळीत काळा फवारा दोन्हीवर सारखाच मारलेला दिसला की मला राहवत नाही, मी बोलून जाते.

तिसरा तुकडा रोटरच्या मागे पाठीवर उभा असलेला छोटा दंडगोल, ‘लिपा’. आत तापवलेला भाग आणि भोवती फिरणारा पडदा. त्यातून उष्णतेचे ठोके निघतात, म्हणजे क्षेपणास्त्राच्या डोळ्याला इंजिन नेमकं कुठे आहे ते कळत नाही. आणि चौथा, एएसओ-२व्ही: जळते गोळे सोडणाऱ्या चौकोनी पेट्या. आधी त्या शेपटीच्या दांड्याखाली होत्या, युद्धाच्या उत्तरार्धात धडाच्या दोन्ही बाजूंना, पंखाच्या मागेही आल्या.

सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादच्या तळाजवळ स्टिंगर पहिल्यांदा डागलं गेलं. अमेरिकेने दिलेली आणि पाकिस्तानमार्गे पोचलेली ही क्षेपणास्त्रं. त्या दिवशी तीन हेलिकॉप्टरं पाडल्याचा दावा केला जातो. जलालाबादला सोव्हिएत ३३५ वी हेलिकॉप्टर रेजिमेंट होती. त्यानंतर उडण्याची रीत बदलली: जमिनीला घासून जायचं, रात्री जायचं, उतरताना तळाच्या वरच गोल-गोल फिरत झपकन खाली यायचं आणि उतरता-चढता जळते गोळे सोडत राहायचं. एकट्या स्टिंगरने युद्ध जिंकलं असं लोक छातीठोकपणे सांगतात, मला ते पटत नाही. माघारीचा विचार मॉस्कोत त्याआधीच सुरू झाला होता. पण मॉडेलवरच्या या पेट्यांकडे बघितलं की त्या क्षेपणास्त्रांची धास्ती किती होती ते कळतं.

रॉकेटांचंही तसंच. ५७ मिमीची रॉकेटं दगडी भिंती आणि जाड मातीच्या घरांसमोर कमी पडत. म्हणून ८० मिमीची आली, एका नळकांड्यात वीस. १९८६ च्या मॉडेलला दोनच जाड नळकांडी लावा; वजनाच्या हिशेबाने ते योग्य दिसतं. आणि ‘पी’ प्रकार करणार असाल तर नाकाखालची फिरती बंदूक काढायची आणि ३० मिमीची जोडतोफ धडाच्या उजव्या बाजूला घट्ट बसवायची. उजव्याच, डाव्या नाही.

मधलं साल, म्हणजे १९८२–८४, हवं असेल तर पुस्तकी नियम लावू नका. तेव्हा तळातळावर वेगवेगळी जोडणी दिसते. एक फोटो समोर ठेवा आणि त्यात दिसेल तेवढंच लावा.

बांधणीतल्या तीन जागा

बाकी बांधणी सूचनापत्रकाप्रमाणे होते. तीन ठिकाणी मात्र थांबा.

रोटर. व्यास १७.३ मीटर, म्हणजे १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये २४ सेंटिमीटर, १/४८ मध्ये ३६, आणि १/३५ मध्ये जवळजवळ अर्धा मीटर. किट विकत घ्यायच्या आधी कपाटाचा खण मोजा. पाच पाती, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारी. म्हणजे प्रत्येक पात्याची जाड, गोलसर कड त्या दिशेला पुढे हवी. उलटी लावलेली पाती मी प्रदर्शनात कितीदा तरी बघितली आहेत. उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या वजनाने वाकतात, किटमधली सरळ येतात. गरम पाण्यात धरून मुळापासून टोकापर्यंत हलकी कमान द्या. पाचही एकसारखी वाकली पाहिजेत, म्हणून कागदावर एकदा कमान काढून त्यावर प्रत्येक पातं ठेवून तपासा. रोटरचा दांडा मूळ यंत्रात अडीच अंश उजवीकडे कललेला आहे. चांगल्या किटमध्ये तो कल असतोच, ‘वाकडा बसला’ म्हणून सरळ करू नका.

काच. दोन्ही घुमटांना सायनोॲक्रिलेटचा झटपट गोंद अजिबात लावू नका, त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. पांढरा फेव्हिकॉल टूथपिकने लावा, ओल्या कापडाने पुसून घ्या.

रंग. वाळूचा पिवळसर तपकिरी आणि हिरवा, पोटाला फिका निळा. तिथलं ऊन रंग खाऊन टाकायचं, म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लॅकरचं वॉर्निश मारू नका, हवेतला दमटपणा त्यात अडकतो आणि साय धरल्यासारखं दिसतं. मारायचंच असेल तर उघडीप बघून दुपारी मारा. धुळीसाठी पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करायची आणि मऊ ब्रशने चाकं, पोट, पायऱ्या एवढ्याच ठिकाणी लावायची. रंग फिका, राखाडीकडे झुकणारा. कोकणची तांबडी माती किंवा आमची नाशिकची काळी नजरेत बसलेली असते आणि हात आपोआप तिकडे जातो. फोटो समोर ठेवला तरच टळतं. तळपाटावर भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्यांची जमीन करा. पट्ट्यांच्या भोकांत हीच भुकटी भरली की हेलिकॉप्टर जमिनीवर खरंच टेकलेलं दिसतं.

कुठून बघायचं

बहुतेक जण मॉडेल डोळ्यांच्या रेषेत ठेवतात. अफगाण एमआय-२४ कमरेच्या उंचीवर, खाली ठेवा. कारण सांगते. काबूलच्या उत्तरेला पंजशीर नावाचं चिंचोळं खोरं आहे. मुजाहिदीनांचा नेता अहमद शाह मसूद याच्या माणसांविरुद्ध तिथे सोव्हिएत सैन्याने १९८० ते १९८५ मध्ये मोहिमांमागून मोहिमा काढल्या. हेलिकॉप्टर खोऱ्यातून जायचं तेव्हा १२.७ मिमीच्या मशीनगन वरच्या कड्यांवर असत आणि गोळ्या खालच्या दिशेने झाडल्या जात. हेलिकॉप्टरचं चिलखत मुख्यतः बाजूंनी आणि खालून. वरून दिसतो तो रोटरचा माथा आणि इंजिनांची झाकणं. मॉडेल खाली ठेवलं की बघणारा नकळत त्या कड्यावर उभा राहतो.

पण हे चित्र अर्धं आहे. त्याच खोऱ्यातल्या मातीच्या घरातून बघणाऱ्याला हे यंत्र खालून दिसायचं. म्हणून मी मुलांना आधी उभं राहून बघायला सांगते, मग जमिनीवर बसून. बसल्यावर बंदुकीची नळी आणि नळकांड्यांची तोंडं समोर येतात. आठवीतल्या मुलांनासुद्धा वेगळं काही सांगावं लागत नाही.

पाटी

पाटीवर यंत्राचे आकडे कमी आणि माणसांचे जास्त हवेत. वेग किती, इंजिनाची ताकद किती, हे मुलं स्वतः शोधून काढतात. माझ्या पाटीवर एवढंच आहे:

‘एमआय-२४ व्ही, जलालाबाद, शरद १९८६. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात डिसेंबर १९७९ ते १५ फेब्रुवारी १९८९. या काळात ३३३ सोव्हिएत हेलिकॉप्टरं गेली, सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले. अफगाण मृतांची संख्या लाखांत. पन्नास लाखांहून जास्त लोक देश सोडून पाकिस्तान आणि इराणात गेले.’

शेवटच्या ओळीवर एका पालकांनी हरकत घेतली होती: मॉडेलच्या प्रदर्शनात हे कशाला? माझं मत ठाम आहे. हे शस्त्र आहे. ते कुणावर चाललं हे लिहायचं नसेल तर मांडू नये.

आपल्याकडच्या लोकांना जवळचं साल हवं असेल तर १९८७ घ्या. ‘डी’चीच निर्यातीची आवृत्ती, एमआय-२५, १९८४ मध्ये भारतीय हवाई दलाच्या १२५ हेलिकॉप्टर युनिटकडे आली आणि १९८७ मध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत लढली. तिच्यासाठी अफगाण जोडण्या तशाच्या तशा उचलू नका, भारतीय हेलिकॉप्टरचे फोटो शोधा. रंगसुद्धा त्यावरूनच ठरवा. याच भारतीय एमआय-२५ पैकी चार हेलिकॉप्टरं २०१५-१६ मध्ये आपण अफगाणिस्तानला दिली, म्हणजे तेच यंत्र पुन्हा त्याच डोंगरांत गेलं. दोन मॉडेलं शेजारी ठेवणार असाल तर हे वाक्य दोन्ही पाट्यांवर येऊ द्या. अक्षरं उभ्या माणसाला वाकल्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी ठेवा आणि पाटी मॉडेलच्या पुढे आडवी, किंचित उतरती लावा, म्हणजे काचेचा उजेड तिच्यावर चमकत नाही.