नियंत्रकाचा आदेश चुकू नये म्हणून : नाशिकच्या शिकाऊ वैमानिकांसाठी

ओझरच्या धावपट्टीवर प्रवासी विमानांबरोबर हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या लढाऊ विमानांचीही ये-जा असते. अशा ठिकाणी टॉवरने (नियंत्रकांच्या मनोऱ्याने) सांगितलेला आकडा चुकीचा ऐकला गेला, तर तो सुधारायला फार थोडा वेळ मिळतो. वैमानिक होऊ पाहणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींनी म्हणूनच रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची तयारी पाठांतरावर सोडू नये.

पहिली सवय बोलण्याआधीची आहे. फ्रीक्वेन्सी लावताच बटण दाबू नका. दुसरे कोणी बोलत नाही याची खात्री होईपर्यंत ऐका. दोघे एकाच वेळी बोलले, की इतरांच्या कानावर कर्कश शिट्टी पडते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर केएलएम या डच कंपनीच्या विमानाने धुक्यात परवानगीविना धाव घेतली व ते धावपट्टीवरच असलेल्या पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानावर आदळले; त्याला सावध करू शकले असते असे टॉवरचे व पॅन ॲमच्या वैमानिकांचे शब्द अशाच शिट्टीत बुडाले. ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना वा रद्द करतानाच वापरायचा आणि एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक रूढ झाला. तो सरावातही मोडू नये.

आदेश येताच मांडीवरच्या वहीत आकडा लिहा आणि मग तो परत म्हणा. उंची, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), वेग, धावपट्टीचा क्रमांक, तिच्यावर शिरण्याची किंवा तिच्यापाशी थांबण्याची सूचना, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) कोड आणि क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) हे सगळे परत म्हणून शेवटी आपले कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचे विमानाचे नाव, जोडावे लागते. नुसते ‘रॉजर’ येथे चालत नाही, कारण त्यातून निरोप पोहोचला एवढेच कळते, काय ऐकले ते कळत नाही. क्यूएनएचमध्ये एका हेक्टोपास्कलची (हे दाबाचे एकक) चूक म्हणजे उंचीत सुमारे तीस फुटांचा फरक. १००८ ऐवजी १०१८ लावले, तर विमान उंचीमापकावर दिसते त्याहून सुमारे तीनशे फूट खाली असते. सह्याद्रीच्या डोंगरांजवळ उडणाऱ्याने हा हिशेब डोक्यात पक्का ठेवावा.

आकडा बरोबर म्हणून दाखवला तरी काम संपत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांपर्यंतच उतरायचे होते आणि त्यातील रेडिओ ऑपरेटर दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलतही होता; तरीही ते विमान आणखी खाली आले व १४,००० फुटांवरील सौदी विमानाला धडकले. ३४९ जणांचा जीव गेला. म्हणून एकाने उंची यंत्रावर लावावी आणि दुसऱ्याने तिच्याकडे बोट दाखवून ती मोठ्याने वाचावी.

लक्ष विचलित होण्याची कारणे बहुधा किरकोळ असतात. २९ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेतील मायामीजवळ ईस्टर्न या विमान कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधील सगळे कर्मचारी चाकांच्या एका न लागणाऱ्या दिव्यात गुंतले आणि विमान हळूहळू खाली येत असल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही. नियंत्रकाला पडद्यावर उंची कमी दिसली, पण त्याने उंचीचे नाव न घेता तिकडे कसे काय चालले आहे, एवढेच विचारले; विमान कोसळले. बिघाड कोणताही असो, विमान कोण उडवणार हे आधी स्पष्ट ठरवा, आणि १०,००० फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे बंद ठेवा.

शंका आली तर ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) म्हणा. थोरांना पुन्हा विचारणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते, आणि माझ्या मते तो संकोच चुकीच्या उच्चारापेक्षाही जास्त घातक ठरतो. इंधन संपत आले असेल तर आडवळणाने न सांगता ‘मेडे’ हा आणीबाणीचा शब्द म्हणा. १९९० साली न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या ॲव्हियांका या कोलंबियाच्या कंपनीच्या विमानाच्या वैमानिकांनी इंधन संपत असल्याचे सांगितले होते, पण आणीबाणी जाहीर केली नव्हती.

घरी सराव करताना मित्राला नियंत्रक करा, त्याच्याकडे पाठ करून बसा आणि मधूनच अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा द्यायला सांगा. आपण अपेक्षित आकडाच परत म्हटला, तर त्याने काहीही न बोलता वहीत खूण करावी आणि त्या खुणा शेवटीच दाखवाव्यात.