समुद्रराक्षसाचं कार्ड बनवताय? या चुका टाळा

नाशिकला समुद्र नाही. पाण्याचा धाक आम्ही मोजतो तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठी एकच चौकशी चालू असते : मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कंबरेला की गळ्याला? ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळासाठी घरगुती समुद्रराक्षस बनवायला बसलो तेव्हा हे डोक्यात नव्हतं. डोक्यात होता फक्त आकडा, मोठ्यात मोठा. पहिली दोन कार्डं तिथेच फसली. तुम्हीही रविवारच्या टेबलासाठी असं काही बनवत असाल, तर आधी माझ्या चुका पाहून घ्या.

कार्ड हातात पडून राहतं

माझं पहिलं कार्ड १२/१२ ताकदीचं (बारा मारतो, बारा झेलतो), नऊ माना किमतीचं. माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, ती मिळते लँड नावाच्या कार्डांतून. तीन रविवार ते हातात आलं, टेबलावर एकदाही उतरलं नाही. दोष नशिबाचा नव्हता, हिशेबाचा होता. साठ कार्डांच्या डेकमध्ये, म्हणजे आपल्या गठ्ठ्यात, चोवीस लँड धरा. सुरुवात तुमची असेल तर पहिली सात कार्डं आणि आठव्या टर्नपर्यंत ओढलेली सात मिळून चौदा कार्डं होतात. त्यात सरासरी लँड येतात ५.६. म्हणजे आठव्या टर्नला आठ लँड समोर असणं हीच नवलाई, नवाची तर बातच सोडा. तोवर समोरच्याने दोन-दोन मानाची पोरं सोडून तुमचं आयुष्य कुरतडून ठेवलेलं असतं.

हा घोळ खेळ काढणाऱ्या कंपनीनेही करून पाहिलाय. १९९४ मधला ‘लेव्हायथन’ बघा. नऊ माना देऊन १०/१० चा प्राणी येतो, तोही टॅप झालेला, म्हणजे आडवा, वापरून झाल्यासारखा. त्याला उठवायला दोन आयलंड (निळी माना देणारे लँड) बळी द्यायचे, अटॅकला आणखी दोन. चार लँड गमावून एक हल्ला! हत्ती घेतला आणि चाऱ्यात घर गेलं.

किंमत कमी करून राक्षस लहान केला तर गंमतच जाते. त्यापेक्षा तो येण्याआधीही कार्डाने काहीतरी काम केलं पाहिजे. २००६ च्या ‘डीप-सी क्रॅकन’मध्ये हे फार सुरेख जमलंय. पूर्ण किंमत दहा माना, पण तीन माना देऊन त्याला नऊ काउंटरांसकट (मोजणीच्या खुणांसकट) बाजूला ठेवता येतं. दर टर्नला एक काउंटर निघतो आणि प्रतिस्पर्ध्याने स्पेल टाकलं, म्हणजे लँड सोडून कुठलंही कार्ड खेळलं, की आणखी एक. काउंटर संपले की राक्षस येतो, म्हणजे प्रतिस्पर्धीच त्याला जवळ ओढतो! स्पेल टाकताना त्याचा हात अडखळतो, तिथे राक्षस अर्धा जिंकला.

हे पाहिलं आणि मला मारुती आठवला. माझ्या तिसऱ्या कार्डावर चार काउंटर आले : घोटा, गुडघा, कंबर, गळा. दर टर्नला पाणी एक पायरी चढतं. आता टेबलावरचे सगळे मिळून “कंबर!” म्हणून ओरडतात, आणि राक्षस अजून आलेलाही नसतो.

सोपा उपायही आहे. दोन माना देऊन कार्ड टाकून द्या आणि नवं कार्ड ओढा, एवढी एक ओळ लिहिली तरी ते सुरुवातीला कुजत नाही.

अट घालताना स्वतःचेच पाय बांधणं

१९९३ च्या पहिल्याच संचातला ‘सी सर्पंट’ ५/५ आहे, पण समोरच्याकडे आयलंड नसेल तर त्याला अटॅकच करता येत नाही. कल्पना पटते, पाण्याशिवाय साप पोहणार कसा? खेळताना मात्र लाल किंवा हिरव्या डेकसमोर, जिथे सहसा आयलंड नसतात, तो निव्वळ शोभेचा. आयलंडवॉकचंही असंच होतं : समोर आयलंड असलं तर प्राणी अडवता येत नाही, नसलं तर त्या ओळीचा उपयोग शून्य. २०१५ पासून कंपनीने लँडवॉकला (आयलंडवॉक त्यातलाच एक) नेहमीच्या कौशल्यांतून वगळलं. अट हवीच असेल तर पाणी आपल्यासोबत आणा. २०१० चा ‘स्टॉर्मटाइड लेव्हायथन’ सगळ्याच लँडना आयलंड करून टाकतो.

साप म्हणजे कोणता साप?

मराठीत विचार करणाऱ्याची ही खास चूक. वासुकी किंवा कालिया डोळ्यांसमोर ठेवून कार्डावरच्या प्रकाराच्या ओळीत आपण ‘स्नेक’ लिहितो. या खेळात ‘स्नेक’ वेगळा आणि ‘सर्पंट’ वेगळा. समुद्रातला अजस्र साप म्हणजे ‘सर्पंट’. फरक बारीक वाटतो, पण २०१४ चं ‘व्हेल्मिंग वेव्ह’ सगळे क्रीचर, म्हणजे प्राण्यांची कार्डं, मालकांच्या हातात परत पाठवताना क्रॅकन, लेव्हायथन, ऑक्टोपस आणि सर्पंट यांना वगळतं. तुमचा ‘स्नेक’ किंवा हौसेने लिहिलेला ‘जलराक्षस’ तुमच्याच लाटेबरोबर वाहून जाईल.

नावाबाबत एक आग्रह, पटला तर घ्या. क्रॅकन नॉर्वेकडचा आहे. आपल्याकडे देवळात पाण्याच्या पन्हाळीला तोंड देणारा मकर आहे. तिमी नावाचा प्रचंड मासा आहे, त्याला गिळणारा तिमिंगिल आहे, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल! तीन कार्डांची साखळी नावातच तयार मिळते. माझं तिसरं कार्ड म्हणजे हा तिमिंगिल. तो येताना आपलाच एक क्रीचर गिळतो आणि त्याची ताकद स्वतःला लावून घेतो. नाव आणि काम एकमेकांना धरून असले की लोकांना नियम पाठ करावा लागत नाही. २००९ चा ‘लॉर्थॉस’ बघा : आठ मानाचा, ८/८ चा ऑक्टोपस, अटॅक करताना आठ माना दिल्या तर समोरच्या आठ वस्तूंपर्यंत टॅप करतो. आठ पाय मोजून दाखवायची गरजच उरत नाही.

भांडण लावणारा मजकूर

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. कार्डावर मी लिहिलं होतं, ‘हा आला की सगळे क्रीचर परत जातात.’ परत कुठे? डेकमध्ये की हातात? कोणाच्या हातात? मावसभावाने माझा एक क्रीचर चोरून ताब्यात घेतला होता. तो म्हणाला, मग माझ्या हातात येऊ दे. खरं तर कार्ड नेहमी मालकाकडे जातं, म्हणजे ज्याच्या डेकमधून आलं त्याच्याकडे. ताबा कोणाचा होता याने फरक पडत नाही. ‘मालकाच्या हातात’ एवढे दोन शब्द लिहिले असते तर तासभर वाचला असता. शिवाय ‘सगळे’ म्हणताना तिमिंगिल स्वतःही त्यात आला. आला आणि गेला! ‘इतर सगळे’ असं हवं होतं.

‘जेव्हा’ आणि ‘जेव्हा जेव्हा’ यांत गल्लत करू नका. पहिलं एकदाच घडणाऱ्या गोष्टीला, दुसरं दर वेळी घडणाऱ्या गोष्टीला. ‘करा’ म्हणजे करावंच लागेल आणि ‘करू शकता’ म्हणजे मर्जी. माझा तिमिंगिल क्रीचर गिळतो तिथे मी ‘गिळा’ लिहिलं होतं. टेबलावर माझा दुसरा क्रीचरच नव्हता, तेव्हा त्याने स्वतःलाच गिळावं का यावर अर्धी रात्र गेली.

मजकूर आठ ओळींच्या वर गेला तर अक्षर बारीक करू नका, एक कौशल्य काढा.

चित्र

कार्डावरची चित्राची चौकट जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद असते. तिच्यात शेंड्यापासून शेपटीपर्यंत आख्खा राक्षस बसवला की तो गांडुळासारखा दिसतो. एक डोळा दाखवा आणि त्यापुढे तांदळाएवढी होडी. आकार होडी सांगेल. चित्र दुसऱ्याचं असेल तर त्याला विचारून घ्या. इंटरनेटवर सापडलं म्हणजे आपलं झालं नाही.

छपाई

नाशिकरोडला नोटा छापतात, टपाल तिकिटं छापतात, आणि मला मात्र गावात चार कार्डं सरळ कापून मिळेनात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात फाइल दिली होती. दोष त्यांचा कमी, माझा जास्त. कार्डाचं माप ६३ × ८८ मिमी, मी फाइलही तेवढीच दिली. कटिंग मशीनवर गठ्ठा अर्धा मिलिमीटर सरकला आणि एका बाजूला पांढरी रेघ आली. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा छपाई, सोडून फाइल ६९ × ९४ मिमीची करा, ३०० डीपीआयला साधारण ८१५ × १११० पिक्सेल. कडेची पट्टी बारीक ठेवली तर तेवढं सरकणंही डोळ्यांत भरतं; जाड ठेवा, नाहीतर पट्टीच नको.

स्क्रीनवरचा चमकदार निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळका, जांभळट होतो. खोल समुद्र तर थेट काळा. आधी एकच प्रूफ (नमुना छपाई) काढा, ट्यूबलाइटखाली नाही, उन्हात बघा, आणि निळा थोडा उजळ करून घ्या.

मराठी मजकुराची दुखणी वेगळीच. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षरं तुटली, तर ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. दुकानात देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे त्यांचं चित्रासारख्या आकारात रूपांतर करा. नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की ‘शक्ती’चं काहीही होऊ शकतं.

आर्ट कार्ड नावाच्या जाड, गुळगुळीत कागदावर छापलेलं कार्ड उजेडात धरलं की पाठीवरून थोडंफार दिसतं, आणि जाडीही बाकीच्यांपेक्षा वेगळी लागते. चाचणीसाठी छापायलाच जाऊ नका. साध्या कागदावर पेनाने लिहा आणि अपारदर्शक स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात) एखाद्या जुन्या कार्डापुढे सरकवा. कंपनीची पाठ छापू नका, आणि बनवलेलं कार्ड विकूही नका. घरच्या खेळापुरतं ठीक आहे.

माझ्या तिमिंगिलाचं सध्या पाचवं रूप चालू आहे, अजून पेनानेच लिहिलेलं. मागच्या रविवारी पाणी फार लवकर गळ्याला आलं, म्हणून काउंटर चाराचे पाच केलेत. पाचव्याचं नाव ठरत नाहीये. बहीण म्हणते ‘शेंडी’. पण मारुतीला शेंडी आहे का, हे बघायला गोदाकाठी जाऊन यावं लागेल.