किडनीत हायडॅटिड गाठ निघाली तर
मी परळला युरॉलॉजी वॉर्डात सिस्टर आहे. रिपोर्टमध्ये ‘हायडॅटिड सिस्ट’ आलं की नातेवाईक हटकून विचारतात, “सिस्टर, सुई घालून पाणी काढून टाकलं तर?” तसं परस्पर अजिबात करायचं नाही. ही कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीची गाठ. पाणी गळलं तर जोरदार ॲलर्जी येऊन बीपी कोसळू शकतं, शिवाय आत नव्या गाठी रुजतात. लिव्हरच्या काही गाठींत तज्ज्ञ औषध देऊन सुई घालतात, ती गोष्ट वेगळी. किडनीचा निर्णय सीटी स्कॅन बघून युरॉलॉजिस्टच घेईल, बहुतेकदा ऑपरेशनच.

लिव्हर आणि छातीही तपासून घ्या. हा आजार मुख्यतः तिथलाच, किडनीत शंभर रुग्णांतल्या दोन-चार जणांनाच होतो.

कमरेत कळ येऊन लघवीतून द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडले, तर फ्लश करू नका. एका काकांनी धुतलेल्या लोणच्याच्या बरणीत आणले होते, डॉक्टर खूश! लॅबला त्यावरून निदान करता येतं.

या गाठीसाठी दिलेलं जंताचं औषध, अल्बेंडॅझोल, चहा-बिस्किटावर घेऊ नका. तेल-तुपाच्या जेवणासोबतच ते नीट शोषलं जातं. मधूनमधून सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि लिव्हरची तपासणी हवीच. दिवस गेले असतील तर आधी सांगा.

आणि रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं काढू नका, माणसाकडून माणसाला हे लागत नाही. या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून येतात. भाजी नीट धुवा, कुत्र्याला जंताचं औषध द्या, मटणवाल्याकडचं कच्चं काळीज-फुप्फुस त्याला घालू नका. ऑपरेशननंतरही काही वर्षं सोनोग्राफी चुकवायची नाही.